जुन्या ऑफिस-पीसीला एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकावी, की ते पैसे नव्या मशिनसाठी ठेवावेत?

गणपती पेठ, सांगली

हळदीचे सौदे आणि मार्च एंड एकदम आले की ऑफिसातल्या जुन्या मशिनच्या तक्रारी सुरू होतात. परवा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात गेलो होतो. तिथले दिवाणजी म्हणाले, "एसएसडीनं विंडोज लवकर उघडतं, एवढंच ना? आम्ही सकाळी एकदा मशिन चालू करतो ते रात्रीच बंद. त्या दोन मिनिटांसाठी पैसे कशाला घालायचे?" हे मत मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, म्हणून धागा काढतोय.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर त्या मशिनवर पहिला खर्च एसएसडीचा करावा. बूट लवकर होणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ फायदा.

त्याच दुकानात मी टास्क मॅनेजर उघडून दाखवला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम. प्रोसेसर निवांत, मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क 100 टक्के. वेग बघितला तर डिस्कवर सेकंदाला जेमतेम 1-2 एमबीचं काम चाललेलं. एरवी हीच डिस्क मोठी फाइल सलग वाचताना 100-150 एमबीपर्यंत जाते. मग एवढ्याशा कामावर का दमली? कारण विंडोज सलग वाचत नाही. अँटिव्हायरस, अपडेट, ब्राउझर, प्रिंटर हे सगळे एकाच वेळी डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले बारीक तुकडे मागतात. 7200 आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) डिस्कला एक फेरा पुरा करायला 8.3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी 4 मिलिसेकंद. हेड सरकायला आणखी 8-9. एका तुकड्याला 12-13 मिलिसेकंद धरले तर सेकंदाला 80 च्या आसपास तुकडे हाती येतात. 4 केबीचा एक तुकडा धरा, सेकंदाला 300-350 केबी झाले. लॅपटॉपमधल्या 5400 च्या डिस्कचं तर त्याहून कमी.

एसएसडीत फिरणारं काही नाहीच. तोच तुकडा साधारण 0.1 मिलिसेकंदात मिळतो. जुना बोर्ड सेटा-2 चा (डिस्क जोडायच्या जुन्या, हळू पद्धतीचा) असला तरी फरक पडत नाही. त्याची मर्यादा सेकंदाला अडीच-पावणेतीनशे एमबीची, आणि ऑफिसच्या बारीक कामात तिथपर्यंत आपण पोचतच नाही. शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीसाठी) काउंटरपुढं उभा आहे, 'प्रिंट' दाबलंय आणि स्क्रीन गोठलाय, हे दिवसभर चालतं. दिवाणजींनी सकाळची दोन मिनिटं मोजली, ही मोजलीच नाहीत.

कुपवाड एमआयडीसी

आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष पटला नाही.

तिसऱ्या पिढीचा आय-थ्री म्हणजे 2012-13 सालचं मशिन. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी जी वाढीव मुदत जाहीर झाली ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. जुगाड करून ते जुन्या मशिनवर चढवता येतं, मला माहीत आहे, पण कंपनीच्या मशिनवर मी ते कधीच करणार नाही. आता विचार करा, अडत दुकानाच्या त्या एकाच पीसीवर काय काय चालतं? जीएसटीचं पोर्टल, बँकेचं नेट बँकिंग, मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन. ज्या मशिनला सुरक्षेचे अपडेटच येणार नाहीत ते जोरात पळायला लागलं तर माणूस ते आणखी तीन वर्षं वापरणार. माझा खरा विरोध इथं आहे. एसएसडीमुळं बदलायला हवं ते मशिन बदललं जात नाही.

शिवाय 2025 च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढलेत. दोन वर्षांपूर्वी "टाकून तर बघू" म्हणण्याइतकी एसएसडी स्वस्त होती. आज तोच सल्ला तितक्या सहज देऊ नये.

तासगाव

कुपवाडकर दादा, तुमचं कंपनीचं गणित वेगळं. आमच्याकडं बेदाण्याचा हिशोब लॅपटॉपवर चालतो, जुनाच हाय. त्याची डीव्हीडी काढली, तिथं कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवली, जुनी हार्ड डिस्क कॅडीत आणि एसएसडी मूळ जागेवर. एक्सेल उघडून बसलं की आधी चहा व्हायचा, आता क्लिक केलं की समोर. नवीन मशिन घ्यायचं म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन हलवा, प्रिंटर जुळवा, फाँट टाका, जुन्या पट्ट्या उघडतात का बघा. सौद्याच्या दिवसांत हे कोण करणार? क्लोन केल्यावर सगळं जसंच्या तसं आलं.

कॅडी घेणाऱ्यांनी जाडी बघून घ्या. 9.5 आणि 12.7 मिलिमीटर अशा दोन येतात, चुकीची घेतली तर बसत नाही.

हरिपूर रोड

गणपती पेठ, वेगाचं सगळं मान्य. पण तुम्ही डेटाबद्दल चकार शब्द काढला नाहीत आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

ऑगस्ट 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं ऑफिस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर मशिन भंगारात गेलं, पण हार्ड डिस्क लॅबला पाठवली आणि त्यांनी आतल्या चकत्या साफ करून बहुतेक हिशोब परत काढून दिला. पैसे बरेच गेले, पण डेटा आला. एसएसडीत ही आशा फार कमी. चिपवर डेटा विखुरलेला असतो, कुठला तुकडा कुठं आहे ते फक्त एसएसडीतल्या कंट्रोलरला (ती चालवणाऱ्या चिपला) माहीत, आणि बऱ्याच एसएसडी डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहितात. कंट्रोलर गेला की चिप शाबूत असूनही हाताला काही लागत नाही. चुकून डिलीट केलेल्याचंही तेच. विंडोज 7 पासून डिलीट केल्यावर ट्रिमचा आदेश जातो आणि एसएसडी ती जागा मोकळी करून टाकते. रिकव्हरी सॉफ्टवेअरला मग तिथं काही सापडत नाही.

हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, अडखळते, बॅड सेक्टर दाखवते. एसएसडी आज चालू, उद्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही. ज्या माणसाला बॅकअपची सवय नाही त्याच्या हातात ही वस्तू देताना हे सांगायलाच हवं.

गणपती पेठ, सांगली

हरिपूर रोड, तुम्ही सोसलंय म्हणून तुमचं म्हणणं जास्त गांभीर्यानं घेतो. एसएसडी न सांगता मरते हे खरं आहे. पण लिहून लिहून झिजते ही भीती ऑफिसात धरू नका. 240 जीबीच्या स्वस्त एसएसडीवरही कंपनी साधारण 80 टीबी लिहिण्यापर्यंत हमी देते. रोज 20 जीबी लिहिलं तरी त्याला 4000 दिवस, म्हणजे जवळजवळ 11 वर्षं लागतील. ऑफिसात मरतात त्या बहुतेक कंट्रोलर बिघडल्यानं किंवा लिहिताना लाइट गेल्यानं. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करायला कॅपॅसिटर नसतो. म्हणून यूपीएसची बॅटरी मेली असेल तर आधी ती बदला, मग एसएसडीचं बघू. नाव न ऐकलेल्या कंपनीची घेऊ नका. काहींच्या डबीत आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं.

आणि हार्ड डिस्क लॅबला पाठवून डेटा काढणं याला मी बॅकअप म्हणणार नाही. तुमचा आला, तुमच्याच रस्त्यावरच्या अनेकांचा आला नाही. विंडोज एसएसडीवर ठेवा, जुनी हार्ड डिस्क फेकू नका, डेटा तिच्यावर राहू दे.

कुपवाडकर, बँकेचं काम सपोर्ट संपलेल्या विंडोजवर करू नये, इथं आपलं एकमत. पण तुम्ही म्हणता ते नवं मशिन काय फुकट येणार आहे? त्यातही रॅम आणि एसएसडीच आहे, चिप महागली की तेही महागतं. उलट आज घेतलेली सेटा एसएसडी पुढच्या मशिनमध्ये उचलून लावता येते.

मिरज, कर सल्लागार

थांबा. "डेटा जुन्या हार्ड डिस्कवर राहू दे" म्हणालात, तिथं तुमचा पहिला मुद्दाच पडतो. टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा फिरत्या डिस्कवरच राहिला तर व्हाउचर शोधताना, वर्षाचं लेजर काढताना ती डिस्क तशीच खरवडत बसणार. विंडोज झटपट, टॅली हळूच. मग अडत दुकानाला मिळालं काय?

आमच्या ऑफिसात तीन मशिन आहेत आणि सगळ्यांचा डेटा एकाच मशिनवर. उरलेल्या दोन्हींना एसएसडी टाकून द्या म्हणून मागं लागलेले बरेच भेटले. पण त्या दोन्हींचा खरा वेळ नेटवर्कवर जातो. मशिन जोडणारा मधला स्विच जुना, 100 एमबीपीएसचा. त्यातून सेकंदाला 12 एमबीच्या वर काही जात नाही. तो बदलून गिगाबिटचा लावला, वायरी नीट क्रिम्प करून घेतल्या, त्याचा खर्च एका एसएसडीपेक्षा कमी आला आणि तिन्ही मशिनचं काम सुधारलं. एका मशिनला 4 जीबीच रॅम होती, तिथं आणखी 4 टाकली. क्रोमचे पंधरा टॅब उघडे असताना रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कलाच रॅम म्हणून वापरतं, तेव्हाही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्केच दिसते. नुसता तो आकडा बघून एसएसडी घेऊ नये, शेजारचा मेमरीचा आकडाही बघावा.

सरसकट "पहिला खर्च एसएसडीचा" हे मला मान्य नाही.

गणपती पेठ, सांगली

ताई, मेमरी 85-90 टक्क्यांवर असेल तर आधी रॅम, हे कबूल. त्या दुकानात ती निम्मी मोकळी होती म्हणूनच मी डिस्ककडे बोट दाखवलं. तीन मशिनच्या ऑफिसात पहिली एसएसडी डेटा असलेल्या मशिनला, याबद्दलही वाद नाही.

डेटाच्या प्रश्नावर तुम्ही बरोबर जागी अडवलंत. तिथं मी असं करतो: चालू वर्षाची कंपनी (टॅलीतली हिशोबाची वही) एसएसडीवर, मागची वर्षं जुन्या डिस्कवर, आणि दुकान बंद करताना चालू वर्षाची नक्कल आपोआप जुन्या डिस्कवर जाईल अशी सोय. टॅलीचा डेटा आकारानं फार मोठा नसतो, 240 जीबीत विंडोजसह आरामात मावतो. वेगही मिळतो आणि एसएसडी अचानक गेली तर कालपर्यंतचं हातात राहतं.

हरिपूर रोड

एकाच डब्यात दोन नकला ठेवून पुरात काय वाचणार? दोन्ही एकाच पाण्यात. वीज पडली तरी दोन्ही एकाच वायरीवर. एक नक्कल मालकाच्या घरी, वरच्या मजल्यावर, गेलीच पाहिजे. 2019 नंतर 2021 च्या जुलैलाही पाणी आलंच होतं. कृष्णाकाठच्या दुकानदाराला एसएसडी विकणाऱ्यानं सोबत एक बाहेरची डिस्क घ्यायला लावावी. तेवढे पैसे नसतील तर एसएसडी पुढच्या वर्षी घ्या, पण ती डिस्क आधी. माझा क्रम हाच राहील.

कुपवाड एमआयडीसी

हा क्रम मलाही पटतो. माझं मूळ मत मात्र कायम आहे. आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशिन आणि आत हार्ड डिस्क, अशी 2018-19 ची बरीच मशिन आपल्या भागात आहेत. त्यांना एसएसडी डोळे झाकून टाका, विंडोज 11 अधिकृतपणे चालेल आणि चार-पाच वर्षं निघतील. 2012 च्या मशिनला टाकायची तर बँक आणि डिजिटल सही त्यावरून काढून घ्या, मगच.

तासगाव

एक विचारायचं होतं. मेव्हण्याच्या दुकानात डेस्कटॉपला नवीन विंडोज टाकली एसएसडीवर. सगळं झकास चाललं. मग जुनी हार्ड डिस्क काढून घरी नेली तर मशिन बूटच होईना. एसएसडी खराब आली का?

कुपवाड एमआयडीसी

एसएसडी चांगली आहे. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या ना? जुन्या डिस्कवर आधीचं बूट पार्टिशन असलं की सेटअप बूटच्या फाइली तिथंच टाकतो आणि विंडोज तेवढं एसएसडीवर जातं. जुनी डिस्क परत लावा, मशिन चालू होईल. कायमचं सोडवायचं तर बॅकअप घेऊन जुन्या डिस्कची सेटा केबल काढा, नुसत्या एसएसडीवर विंडोज पुन्हा टाका, ते नीट बूट झालं की मगच दुसरी केबल जोडा. बायोसमध्ये सेटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना तेही विंडोज टाकायच्या आधीच बघून घ्या, नंतर बदललं तर निळा स्क्रीन येतो.