मदत हवी आहे: पॅराबोलिक डिशमध्ये माईक नेमका कुठे बसवू?

पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायला ६० सेमी व्यासाची डिश घेतलीये, खोली १५ सेमी, म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले (१६ गुणिले खोली) केलं की फोकस, म्हणजे डिशवरून परतलेला आवाज एकवटतो तो बिंदू, बरोबर १५ सेमीवर येतो (ऑफसेट डिश नाहीये, फोकस मधोमधच आहे). माईकचं तोंड डिशकडेच आहे, उन्हात कागद धरून उजेडाचा ठिपकाही तिथेच पडतो हे बघितलं. शिंजिराची बारीक चिवचिव अगदी कानाशी आल्यासारखी येते, पण पारव्याचं घुमणं डिशशिवाय जेवढं येतं तेवढंच. ५०० हर्ट्झची लाट जवळपास ६९ सेमी, डिशपेक्षा मोठी, म्हणून असेल हे कळतं. मोठी डिश उचलून फिरणं जमणार नाही. माईक फोकसपासून एकदोन सेमी आत सरकवला तर खालचे सूर वाढतील का नुसता वरचा आवाज बोथट होईल?