सेल निम्म्यावर आलाय, तरी मी भाव पाडणार नाही. पटतंय का?

करकर (धागा काढणारा)
मंडळी, माझा कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे, ऑनलाइनच. दुकान नाही, घरातली मागची खोली म्हणजे गोडाऊन. माल कोल्हापूरच्या कारागिरांकडून येतो, बायको आणि मी पॅक करतो, पार्सल न्यायला पोरगा येतो. गेल्या वर्षापासून ऑर्डरी घसरत घसरत निम्म्यावर आल्यात. पावसाळ्यात आमचा माल पडूनच असतो त्याचं काही वाटत नाही, चामड्याची चप्पल घालून चिखलात कोण फिरणार, पण यंदाची दिवाळी पण सुकी गेली आणि ती सुद्धा 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारापर्यंतच्या चपलांचा जीएसटी 5 टक्क्यांवर आलेला असताना. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडने मिलानच्या फॅशन शोत रॅम्पवर आपल्यासारखी चप्पल दाखवली, केवढा गाजावाजा झाला, आठवडाभर माझ्या लिस्टिंगवर नुसती गर्दी, विकत कोणी घेईना.

जो तो एकच सांगतो, भाव कमी कर आणि अ‍ॅडचं बजेट वाढव. प्लॅटफॉर्मवरून (नाव घेत नाही) फोन येतो तो पण हेच सांगायला. मी म्हणतो अजिबात नाही. एका जोडीचा हिशोब देतो, बघा:

799 ला विकली. जीएसटीचे 38 गेले, राहिले 761. कमिशन, फिक्स फी, शिपिंग मिळून 185. त्या 185 वर परत 18 टक्के जीएसटी, म्हणजे 33. अ‍ॅडचे जोडीमागे 60 पडतात. खोका, टेप, पिशवी 18. कारागिराला 430. माझ्या हातात 35 रुपये.

आता दहा जोड्या गेल्या आणि तीन परत आल्या (चपलेत एवढं होतंच) तर एका रिटर्नला जायचं-यायचं भाडं, अ‍ॅड, पॅकिंग धरून दोनशे रुपये जातात. सातवर कमावले 245, तीनवर घालवले 600. आणि म्हणे भाव 699 करा! म्हणजे जितका सेल जास्त तितका खड्डा मोठा.

तर माझं असं ठरतंय की स्वस्तातला माल बंद, तेराशेच्या वरचाच ठेवायचा, अ‍ॅड बंद, कॅश ऑन डिलिव्हरी बंद, आणि जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर माल दाखवायचा. महिन्याला चार ऑर्डरी कमी आल्या तरी चालतील. बोला, शिव्या घातल्या तरी चालेल.

अ‍ॅडवाला_ठाणे
शिव्या नाही घालत पण हे दुकान बंद करायच्या आधीचं भाषण वाटतंय दादा, राग मानू नका. मी बेडशीट, उशांचे अभ्रे विकतो, आमच्यात तर तुमच्यापेक्षा जास्त मारामारी आहे. अ‍ॅड बंद केली की पहिले काही दिवस भारी वाटतं, पैसे वाचले वाचले, मग ऑर्डर कमी म्हणून लिस्टिंग खाली सरकते, खाली सरकली म्हणून अजून कमी, आणि एक दिवस स्वतःचाच माल शोधायला पाच पानं उलटायला लागतात. भाव तुम्ही ठरवत नाही, बाजार ठरवतो. कोल्हापुरी असं टाकून बघा, पहिल्या रांगेत अडीचशे-तीनशेच्या चपला दिसतात. त्यांच्याशी भांडायचं नसेल तर ठीक, पण एखादी तरी स्वस्त जोडी पुढे ठेवा, तिच्यावर कमवू नका, रिव्ह्यू गोळा करा, माणूस त्या निमित्ताने तुमच्या बाकीच्या मालापर्यंत येतो.

आणि कमिशनचं रडगाणं आता जुनं झालं. मीशोने 2021 लाच कमिशन शून्य केलं, अ‍ॅमेझॉनने 2025 मध्ये तीनशेच्या आतल्या लाखो वस्तूंवरची रेफरल फी, म्हणजे कमिशनच, काढली. हवा कुठे चाललीय ते बघा ना.

करकर
@अ‍ॅडवाला हवा तीनशेच्या आत चाललीय हेच तर म्हणतोय मी. तीनशेत चामडं येत नाही. ते रेक्झिन आहे, खाली रबर, वर कोल्हापुरी नाव. भौगोलिक मानांकन 2019 चं आहे आपलं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, पण सर्चमध्ये त्याला कोण विचारतं. आणि कमिशन शून्य असलं तरी शिपिंग आणि रिटर्न कोणी शून्य केलेलं नाहीये.

सुभाषनगर
आमी कोल्हापूरचं, घरात तीन पिढ्या ह्योच धंदा. तुमचं वाचलं. 430 कारागिराला असं एका ओळीत उरकलंसा, त्यात काय काय हाय बघा जरा. कातडं आणायचं, भिजवायचं, तळ कापायचा, ठोकून ठोकून दाबायचा, मग चामड्याच्याच वादीनं शिवायचा, खिळा एक न्हाई त्यात. वरची वेणी, गोंडा हे घरच्या बायका करत्यात, त्येंची मजुरी तर कुणी धरतच न्हाई. ऑनलाइनवाल्यांचा सेल पडला की पैला फोन आमाला, मामा रेट जरा कमी करा. तुमी भाव पाडत न्हाई म्हणताय ही चांगली गोष्ट हाय, मानलं. पर ऑर्डर चार कमी आल्या तर चालतील हे कुणाला चालंल? तुमाला. आमच्याकडं चार जोड्या कमी म्हंजे पोराचं हात रिकामं, आणि रिकाम्या हाताचं पोरगं एमआयडीसीत जातंय, परत येत न्हाई ह्या कामाला.

करकर
@सुभाषनगर मामा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तेराशेच्या जोडीला कारागिराला 430 च्या दुप्पट जातात. जोड्या कमी, मजुरी जास्त, असं बसतंय का बघा.

सुभाषनगर
बसतंय की, पर तेराशेच्या ऑर्डरी येऊ द्यात आधी. कागदावर सगळंच बसतंय.

पुणेरी_ग्राहक
गिऱ्हाइकाची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते. रिटर्न रिटर्न करून आम्हाला चोर ठरवायचं बंद करा. मी नेहमी सहा नंबर घेते, एका विक्रेत्याची सहा नंबर पुढे बोटं बाहेर येतात, दुसऱ्याची सहा नंबर टाच अर्धी रिकामी. शिवाय नवी कोल्हापुरी कडक असते, अंगठ्याला लागते, तेल लावून दोन-चार दिवस घरात घालायची असते हे मला आजीने सांगितलं म्हणून माहीत, ज्याला कोणी सांगितलं नाही तो पहिल्या दिवशी फोड आला की परतच करणार. हे तुमच्या पानावर पहिल्या फोटोत लिहिलेलं असतं का? सगळ्यांच्या पहिल्या फोटोत तीच ती मॉडेल, तोच नऊवारीतला पाय. माझ्या पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून घ्यायला सांगा, मी मोजेन. नंबरावर चपला विकाल तर रिटर्न येणारच.

करकर
@पुणेरी_ग्राहक ताई, सेंटिमीटरचा तक्ता आहे हो, चौथ्या फोटोत. कोणी वाचत नाही. फुकट परत करता येतं म्हटल्यावर लोक दोन नंबर मागवतात, एक ठेवतात. आणि सगळे तुमच्यासारखे नसतात, मला एका पार्सलमध्ये झिजलेली रबरी स्लीपर परत आलीय, तिला चिखल लागलेला तसाच. उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, क्लेम टाकला, तर उत्तर आलं व्हिडिओत लेबल स्पष्ट दिसत नाही. 799 गेले ते गेलेच.

पुणेरी_ग्राहक
चौथ्या फोटोत आहे म्हणजे नाहीच म्हणायचं. बाकी त्या स्लीपरचं वाईट वाटलं.

हिशोबनीस
करकर साहेब, तुमच्या हिशोबात एक दुरुस्ती. फीवरचा 33 रुपयांचा जीएसटी खर्चात धरलाय तो चुकीचा आहे. तुम्ही जीएसटीत रेग्युलर रजिस्टर्ड असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते 33 तुमच्या 38 मधून वजा होतात, सरकारला जोडीमागे 5 रुपयेच भरायचे. म्हणजे हातात 35 नाही, 68. प्लॅटफॉर्म तुमच्या विक्रीतून आधीच कापून सरकारला भरतो तो जीएसटीचा टीसीएस पण तुमचाच पैसा आहे, 10 जुलै 2024 पासून एक टक्क्याचा अर्धा टक्का झालाय, आणि तसाच कापलेला इन्कम टॅक्सचा टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून एक टक्क्याचा 0.1 टक्का. हे दोन्ही परत मिळतात, फक्त क्लेम करायला विसरू नका, माझ्याकडे येणारे निम्मे लोक विसरलेले असतात.

आता 68 धरून तुमचंच गणित परत मांडा. दहापैकी तीन परत, म्हणजे सात गुणिले 68 बरोबर 476, वजा 600, तोटा 124. दहापैकी दोनच परत आले तर? आठ गुणिले 68 म्हणजे 544, वजा 400, नफा 144. एक रिटर्न वाचवला की सगळं पारडं फिरतं. त्यामुळे भाव पाडावा की नको, अ‍ॅड ठेवावी की नको यावर तुम्ही आणि अ‍ॅडवाले दोघे उगाच डोकं फोडताय, ताईंनी सांगितलेला फोटो पहिला टाकला असता तर हा धागा काढावा लागला नसता.

दुसरं, शिपिंग. तुमचा खोका केवढा आहे? बरेच कुरियर खोक्याच्या आकारावरून पण वजन काढतात, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार 5000 ने भागतात आणि जास्त भरेल त्याचं भाडं घेतात. 32 बाय 20 बाय 12 सेंटिमीटर असेल तर 7680 भागिले 5000 म्हणजे दीड किलोच्या वर. जोडी असते 700 ग्रॅमची! तळ एकमेकांना लावून, उलट-सुलट ठेवून 30 बाय 13 बाय 9 मध्ये बसवा, 700 ग्रॅमच्या आसपास येतं. हवेचं भाडं भरताय तुम्ही.

अ‍ॅडवाला_ठाणे
खोक्याचं लाख बोललात साहेब. पण रिटर्न कमी करणं एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं नसतं का. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली तर दारातून परत येणारी पार्सलं थांबतील, पण गावाकडचं अर्धं गिऱ्हाईक रोख पैशावरच घेतं, ते पण जाईल त्याच्याबरोबर. पहिला फोटो मापाचा टाकला तर क्लिक कोण करणार? क्लिक नाही तर रँक नाही.

मिनी_नाशिक
व्हॉट्सअ‍ॅपवर नेणार म्हणताय म्हणून सांगते, मी नेलंय. पैठणीच्या कापडाच्या पर्स विकते. प्लॅटफॉर्मला वैतागून सगळं इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आणलं, कमिशन वाचलं, अगदी खरं. पण रात्री साडेअकराला "प्राइस?" असा मेसेज येतो, आपण किंमत, फोटो, व्हिडिओ, उजेडातला फोटो, बिनउजेडातला फोटो सगळं पाठवतो, मग "सांगते" आणि गायब. पैसे आले का बघा, पत्ता अर्धवट, पिनकोड मागा, कुरियरला स्वतः जा, पार्सल अडकलं की शिव्या मलाच. प्लॅटफॉर्म ज्याचे पैसे घेतो ते काम घरात करायला लागल्यावर कळलं किती आहे ते. जुनी गिऱ्हाइकं येतात, नाही असं नाही, पण कोल्हापुरी चप्पल माणूस वर्षातून एकदा घेतो दादा, टिकली तर दोन वर्षांतून एकदा. जुन्यांवर किती दिवस चालेल?

सातासमुद्रापार
मी बाहेर माल पाठवते, तिथली गंमत सांगते थोडक्यात. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलांची आयात शुल्काची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून काढली आणि त्याआधीच आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंग थांबवलं. माझा सेल एका आठवड्यात झोपला, भाव, फोटो, अ‍ॅड कशाचाही संबंध नव्हता. तेव्हा सगळं आपल्याच हातात आहे अशा थाटात सल्ले देणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

हिशोबनीस
@सुभाषनगर तुमच्यासाठी एक. 1 ऑक्टोबर 2023 पासून 40 लाखाच्या आत उलाढाल असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात प्लॅटफॉर्मवर विकायला जीएसटी नंबर नसला तरी चालतो, पॅनवर एनरोलमेंट नंबर काढायचा. राज्याबाहेर मात्र विकता येत नाही. पोराच्या नावाने तुम्हीच का नाही लिस्टिंग टाकत?

करकर
वा साहेब, माझ्याच धाग्यावर माझा कारागीर फोडताय.

सुभाषनगर
😄 न्हाई हो, फोटो काढायचं आणि रिटर्नचं लफडं आमाला न्हाई जमायचं. पर एक सांगतो. पूर्वी बाहेरगावचं गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारून पाठवायचं, त्या मापानं आमी जोडी करायचो. एक बी परत आल्याचं आठवत न्हाई मला. तेराशेवाल्यांकडनं ते मागून घ्या की, फोटो काढून पाठवतील मोबाइलवर.

अ‍ॅडवाला_ठाणे
आणि ती जोडी बनेपर्यंत आठ-दहा दिवस गिऱ्हाईक थांबणार? आजकाल दहा मिनिटात दूध नाही आलं तर लोक ऑर्डर कॅन्सल करतात.

पुणेरी_ग्राहक
मी थांबेन. दुधाची आणि चपलेची घाई वेगळी असते.

करकर
ठीक, तर असं करतो. 799 वाल्या मालाची अ‍ॅड आजच बंद, यावर माझं मत तेच आहे, अ‍ॅडवाले माफ करा. मापाचा फोटो पहिला टाकत नाही पण दुसरा टाकतो, त्यातच कडक असते, तेल लावा, हे मोठ्या अक्षरात. नवा खोका शोधतोय, 30 बाय 13 बाय 9 चा पुण्यात कुठे किरकोळ मिळत असेल तर सांगा, बोहरी आळीत पाचशे नगांच्या खाली कोणी देत नाहीये. मामा, पायाच्या रेघेवर पाच जोड्या करून बघूया का? अ‍ॅडव्हान्स उद्या टाकतो.

सुभाषनगर
आदी कागूद पाठवा, मग अ‍ॅडव्हान्स. आणि पाय उभं राहून काढायला सांगा, बसून काढला तर माप अर्धा नंबर कमी येतंय.