फिलिप, अँटायोकस, पर्सियस: रोमने हरवलं की यांनीच एकमेकांना बुडवलं?

जुनी नाणी:
ग्रीक राजे रोमपुढे का टिकले नाहीत असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, फॅलँक्स (लांब भाले घेऊन दाटीने उभी राहणारी ग्रीक फळी) अवजड होता आणि रोमन लीजन (रोमची फौजेची तुकडी) चपळ. मला हे पुरेसं वाटत नाही. माझं मत असं की ही मंडळी रणांगणात उतरायच्या आधीच हरलेली होती, कारण एकाच्या घराला आग लागली की दुसरा त्यावर हात शेकून घ्यायचा.

बघा ना, इ.स.पू. 200 ते 197 मॅसिडोनियाचा फिलिप पाचवा रोमशी लढतोय आणि तेव्हा सिरियाचा अँटायोकस तिसरा कुठे, तर इजिप्तच्या पोरसवदा राजाचा मुलूख घशात घालतोय. मग 192 ला हाच अँटायोकस 10,000 पायदळ, 500 घोडेस्वार आणि 6 हत्ती घेऊन ग्रीसमध्ये उतरला तर आता फिलिप रोमच्या बाजूने. आणि बाजूने म्हणजे नुसता गप्प बसला असं नाही हं, 190 मध्ये रोमन फौज आशियाकडे निघाली तेव्हा तिच्यासाठी रस्ते नीट केले, पूल बांधले, दाणागोटा पुरवला. मिळालं काय, 197 ला हरल्यावर रोमला द्यायची राहिलेली खंडणी माफ आणि रोमकडे ओलीस ठेवलेला मुलगा परत. एवढ्यावर विकला गेला.

कोणी सावध केलंच नव्हतं असंही नाही. 217 मध्ये नॉपाक्टसला ग्रीकांचा आपसात तह झाला तेव्हा ग्रीसमधल्याच एटोलियाच्या अगेलाउसने ह्याच फिलिपला सांगितलं होतं की पश्चिमेकडे ढग जमतायत, ते इकडे आले तर आपापसात भांडायचं की मिटवायचं हेही आपल्या हातात राहणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

पागोळी:
साफ असहमत. एकी एकी म्हणताय पण ह्या दोन राजांची एकी झाली होती की एकदा! ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो तसा 203-202 च्या सुमारास फिलिप आणि अँटायोकसमध्ये गुपचूप करार झाला, आणि कशासाठी, तर त्याच लहान पोराच्या राज्याचे लचके वाटून घ्यायला. ही यांची एकी.

राजांकडून न बघता जरा शहरांकडून बघा. 202 मध्ये फिलिपने किओस घेतलं आणि तिथले लोक गुलाम म्हणून विकले. पुढच्याच वर्षी रोड्स बेटाचे आणि पर्गममच्या राज्याचे वकील रोमला मदत मागायला गेले, जाणारच ना. मग 200 मध्ये अबिडोसला वेढा पडला. तट ढासळल्यावर तिथल्या लोकांनी बायकापोरांसकट मरायचं ठरवलं, तर फिलिपने जाहीर केलं की ज्यांना फास लावून किंवा गळा चिरून मरायचंय त्यांना तीन दिवसांची मुदत देतो. तीन दिवस! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. अशा माणसाच्या झेंड्याखाली एक व्हा असं तुम्ही रोड्सवाल्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

जुनी नाणी:
@पागोळी अबिडोसबद्दल एक शब्दही उलट बोलणार नाही, ते भयंकरच होतं. पण आगीतून निघून फुफाट्यात पडले त्याचं काय? रोड्सने पर्सियसच्या (फिलिपचा मुलगा, त्याच्यानंतरचा मॅसिडोनियाचा राजा) रोमशी झालेल्या युद्धात समेट घडवायचा प्रयत्न केला एवढाच गुन्हा, तर रोमने डेलॉस बेट करमुक्त बंदर करून टाकलं आणि रोड्सचं बंदराचं उत्पन्न 10 लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं. पर्गममचा राजा यूमेनिस तर जन्मभर रोमची पाठराखण करत आला, मॅग्नेशियाच्या लढाईत अँटायोकसविरुद्ध त्यांच्याकडून लढला, आणि 167 च्या हिवाळ्यात भेटायला म्हणून इटलीच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा सिनेटने ठराव केला की कोणत्याही राजाने रोममध्ये यायचं नाही. ब्रुंडिसियमच्या बंदरावरूनच परत पाठवला त्याला.

हिशेबनीस:
दोघांचंही वाचलं. भावना समजतात पण आकडे कोणी बघत नाहीये. 225 मध्ये रोम आणि इटलीतली दोस्त मंडळी मिळून हत्यार उचलू शकणारे किती, तर पॉलिबियसच्या हिशेबाने 7 लाखांवर पायदळ आणि 70 हजार घोडदळ. पर्सियस युद्धाला उभा राहिला तेव्हा त्याची सगळी फौज 43 हजार! 216 मध्ये हॅनिबलविरुद्ध कॅनीला रोमची अख्खी फौज कापली गेली तरी पुढच्या वर्षी नवीन उभी राहिली. इकडे फिलिप 197 ला सायनोसेफालीला एक लढाई हरला, 8 हजार मेले 5 हजार पकडले, संपला. अँटायोकस मॅग्नेशियाला हरला, संपला. एका लढाईवर राज्य लावणारे राजे आणि दहा लढाया हरूनही उठणारं गणराज्य, ह्यांची बरोबरी एकी करून झाली असती असं मला वाटत नाही.

आणखी एक म्हणजे राजांना लढाईनंतर वाटाघाट अपेक्षित असायची, हरलो तर चार शहरं देऊ, पाच वर्षांनी परत घेऊ. रोम तसं खेळतच नव्हतं. सायनोसेफालीचं शेवटचं दृश्य बघा, डोंगरावर पळायला जागा नाही म्हणून मॅसिडोनियाच्या शिपायांनी आपले लांबच लांब भाले सरळ वर उभे धरले. त्यांच्यात ही शरणागतीची खूण. रोमनांना ती कळलीच नाही, ते कापत सुटले, आणि अर्थ कळेपर्यंत बरेचसे मेले होते.

बखरवाला:
फिलिप विकला गेला म्हणणं अन्याय आहे हो. सायनोसेफालीच्या लढाईतल्या मेलेल्यांची हाडं सहा वर्षं तशीच उघड्यावर पडून होती. 191 मध्ये अँटायोकस तिथे आला आणि त्याने ती गोळा करून एका ढिगाऱ्याखाली पुरायला लावली, आणि हे काम दिलं कोणाला, तर मॅसिडोनियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या मेगालोपोलिसच्या एका माणसाला, त्याचंही नाव फिलिपच! म्हणजे तुझी माणसं तू पुरली नाहीस, तुझ्या गादीवर बसू पाहणारा पुरतोय. रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलंय की तोपर्यंत फिलिपचं काही ठरलं नव्हतं, हे कळल्यावर त्याने ताबडतोब रोमन अधिकाऱ्याकडे निरोप धाडला. मला तर वाटतं इथेच सगळं फिरलं.

शमी:
थोडं अवांतर पण राहवत नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात जे यवन म्हणजे ग्रीक राजे येतात त्यातला अंतिकिनि म्हणजे ह्या फिलिपचा आजोबा आणि अंतियोक म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते ह्याच अँटायोकसचा आजोबा. आणि नातू अँटायोकस 206 च्या सुमारास काबूलच्या खोऱ्यात आला होता, तिथल्या सुभागसेन राजाकडून हत्ती घेऊन गेला. मॅग्नेशियाला फॅलँक्सच्या तुकड्यांमध्ये भारतीय हत्ती उभे होते, ते बिथरले आणि आपल्याच रांगा मोडल्या. नंतरच्या तहात हत्ती बाळगायचे नाहीत असं कलम होतं, सिरियात तरी ठेवले, म्हणून 162 मध्ये रोमचा अधिकारी जाऊन त्या जनावरांच्या पायाच्या शिरा तोडून आला. मला राजांपेक्षा त्या हत्तींचं वाईट वाटतं.

पागोळी:
@शमी हे माहीत नव्हतं. वाचवत नाही.
@हिशेबनीस आकडे ठीक आहेत पण मॅग्नेशियाला अँटायोकसने स्वतः उजव्या बाजूने हल्ला चढवला, समोरचे पळाले, हा त्यांच्या मागे थेट छावणीपर्यंत, आणि मागे मधली फळी उघडी. राफियाला इजिप्तविरुद्ध 217 मध्ये अगदी हेच केलं होतं. सत्तावीस वर्षांत शिकला नाही. ह्यात मनुष्यबळ कुठे आलं?

हिशेबनीस:
@पागोळी मान्य, तो त्याचा दोष. पण रोमन सरदारही असल्या चुका करत होतेच, फरक एवढाच की त्यांना चूक परवडत होती.

जुनी नाणी:
@हिशेबनीस पैशाचाही हिशेब करा ना मग. पर्सियसकडे पैसा कमी नव्हता. यूमेनिस मध्यस्थी करायला 1500 टॅलंट (चांदीचं वजन, तेव्हाचं मोठ्या रकमेचं माप) मागत होता, दोघं घासाघीस करत बसले आणि ते फिसकटलं. इलिरियाचा राजा गेंथियस याला 300 टॅलंट कबूल केले, 10 दिले, त्याने तेवढ्यावर रोमचे वकील तुरुंगात टाकल्याबरोबर पर्सियसने बाकीची रक्कम अडवली, की आता हा कुठे जातोय, रोमशी वैर तर झालंच. गेंथियसला असं एकट्याला सोडलं नसतं तर 168 ला पर्सियस पिडनाची लढाई हरला असता का? तीच तिजोरी पुढे रोमला गेली आणि एवढी भरलेली निघाली की 167 पासून रोमन नागरिकांना थेट कर भरावा लागला नाही.

@बखरवाला हाडांचा प्रसंग मी विसरलो होतो, विकला गेला हा शब्द मागे घेतो. पण फिलिपच्याच नातवाचं काय झालं तेही लिहितो. पर्सियस इटलीत कैदेत मेला आणि त्याचा अलेक्झांडर नावाचा मुलगा तिथेच वाढला, धातूवर बारीक नक्षी करायला शिकला, लॅटिन लिहा-बोलायला शिकला, आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली कारकुनी करत राहिला.