'वर्किंग कंडिशन', 'मिंट', 'एनओएस' : जुन्या गाड्यांचे पार्ट ऑनलाइन घेताना आलेले अनुभव

मंडळी, घरी वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, रविवारी गिरगावातून वरळीपर्यंत एक फेरी, एवढाच तिचा प्रपंच. पावसाळ्यानंतर ती सिग्नलला उभी राहिली की बंद पडू लागली, म्हणून ऑनलाइन एक सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मागवला. जाहिरातीत लिहिलं होतं 'ओरिजिनल, वर्किंग कंडिशन', भाव साडेचार हजार. फोटोत तर नव्या स्टीलच्या डब्यासारखा चमकत होता.

आमच्या लालबागच्या मेकॅनिकने तो हातात घेतला, थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा, दोन बोटांत धरून हलवला. टकटक आवाज आला. "हा हवा खाणार," एवढंच म्हणाला आणि चहाला गेला. स्पिंडलच्या बाजूने जादा हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू, टिकत नाही, हे त्याने परत आल्यावर समजावलं. वर जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजलेले. त्याच्या मते माल सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीचा. पेट्रोल वर्षानुवर्षं आलंच नाही, पण बटरफ्लाय, म्हणजे ती हवेची झडप, मात्र दिवसभर उघडझाप करत राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सींची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हापासून असा माल मला जास्त दिसतो. घासूनपुसून फोटो काढला की झाला 'वर्किंग'.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, चालत्या गाडीतून काढलाय." तेही खोटं नसावं!

तुमचे अनुभव लिहा. दुकानाचं, माणसाचं नाव नको, वर्णनात काय होतं आणि हातात काय आलं तेवढं सांगा.

मुलुंडचा मामा

माझा पिस्टन सेट. 'स्टँडर्ड साईझ, न वापरलेला'. पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर, म्हणजे पिस्टन त्याच्या आसपास भरायला हवा. व्हर्नियर लावला तर ६९. माथ्यावर बारीक '४०' ठोकलेलं, म्हणजे चाळीस साईझ, घासून मोठ्या केलेल्या सिलिंडरसाठीचा जाडा पिस्टन. चारही फोटो बाजूने काढलेले, माथा एकातही नाही. तेव्हापासून मी माथ्याचा फोटो आल्याशिवाय पैसे पाठवत नाही. दोघांनी तो पाठवायचं टाळलं, दोघांना रामराम.

परळ, सध्या डोंबिवली

मी एनओएसला फसलो. न्यू ओल्ड स्टॉक, म्हणजे त्या काळचा, वापरलाच नाही असा माल. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किट, पिवळी पडलेली खोकी, आतलं प्लास्टिकही सीलबंद. विकणाऱ्याने काहीच खोटं लिहिलं नव्हतं. पण रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं. वॉशर नखाने दाबला तर दबेना, वाकवल्यावर कडेला बारीक चिरा. मी मात्र हौसेने बसवून टाकलं. सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेताना पेडल सरळ खाली गेलं आणि कुंडीवर जाऊन थांबलो. कुंडी फुटली, शेवंती वाचली. हेच पेडर रोडच्या उतारावर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. आता ब्रेकचं रबर नवीनच घेतो, मग ते ओरिजिनल नसलं तरी चालेल.

दादर, चौपाटीजवळ

'रीक्रोम केलेला बंपर, मिंट', म्हणजे अगदी नव्यासारखा. एका पावसाळ्यात पुटकुळ्या. क्रोमखाली तांबं आणि निकेल नीट चढवलेलं नसलं, गंजाचे खड्डे आधी भरलेले नसले की आमच्याकडच्या खाऱ्या हवेत असंच होतं.

ठाण्याहून

दरवाजा, 'गंज अजिबात नाही'. बरोबरच होतं, खालच्या वीतभर भागात पत्राच नव्हता. नुसती लांबी, म्हणजे भरायची पुट्टी. लोहचुंबक लावला तर घसरून पायावर पडला.

आजोबांची शेवरोले

माझी फसवणूक नाही, गाढवपणा. अमेरिकेतून हेडलाइटची रिंग मागवली, जाहिरातीत 'ड्रायव्हर साइड' होतं. आपला ड्रायव्हर उजवीकडे, त्यांचा डावीकडे! आता दोन डाव्या रिंगा आहेत. कोणाला हवी असल्यास कळवा, वर्णन अचूक मिळेल.

कुर्ल्याचा

मी विकणारा आहे, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. भंगारात आलेल्या गाडीतून आम्ही पार्ट काढतो. दिवसाला तीस-चाळीस तुकडे. प्रत्येक डायनॅमो (गाडीत वीज तयार करणारा) टेस्ट बेंचवर कोण लावणार? फिरतोय, जाम नाही, तर 'वर्किंग'. 'फिरतो, करंट तपासला नाही' असंही लिहून पाहिलंय, फोन येत नाहीत. शेजारच्याने तसाच डायनॅमो 'फुल वर्किंग' लिहून दुपारपर्यंत विकला. आणि गिऱ्हाईकही कमी नाही. माझ्याकडून चांगला नेऊन स्वतःचा जळका परत आणणारे पाहिलेत. म्हणून आता मी प्रत्येक पार्टवर आतल्या बाजूला रंगाचा ठिपका देतो.

धागाकर्ता

कुर्लेकर, शिव्या नाहीत, उलट आभार. तुमचं वाचून 'वर्किंग' म्हणजे काय ते कळलं.

माझ्या कार्बोरेटरचं पुढे काय झालं ते सांगतो. परत घेतला नाही. मेकॅनिकने घरचाच जुना लेथवाल्याकडून बुश मारून, म्हणजे झिजलेल्या भोकात नवी नळी बसवून, आणला, सातशे रुपयांत. गाडी आता ताडदेवच्या सिग्नलला शांत उभी राहते. विकत घेतलेला विकायला काढलाय. बायको म्हणाली, "तूही लिही की वर्किंग." मी लिहिलं, 'सोलेक्स, स्पिंडल ढिला, बुश मारावा लागेल, जेट साफ केलेत, किंमत दीड हजार.' सोबत स्पिंडल हलवतानाचा आवाजासकट व्हिडिओ.

तीन आठवडे झाले. एकच फोन आला. त्याला अँबेसेडरसाठी हवा होता.