चर्चा: सभासदांच्या भाजीच्या शेतात पाव रान हिरवळीच्या पिकाखाली ठेवावं का?

हिशोबनीस
सभासदांनी हंगामाआधी वर्गणी भरायची, त्यावर शेत चालवायचं आणि दर आठवड्याला ताज्या भाजीची टोपली न्यायची, असा हा व्यवहार. त्यात माती सुधारायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: पाव वाफे तागाखाली ठेवा, म्हणजे तिथं भाजी न घेता हिरवळीचं खत म्हणून ताग वाढवा आणि तो मातीलाच द्या. मला हे पटत नाही. 80 वाफ्यांतले 20 गेले की टोपली पातळ होते. पालक, मुळा दर दहा-बारा दिवसांनी नव्याने पेरावा लागतो. वाफा वेळेवर मोकळा झाला नाही, तर चार-पाच आठवड्यांनी टोपलीत खड्डा पडलाच. त्यापेक्षा कंपोस्ट विकत आणा, नांगर न घालता 3 सेंमी पसरा, झालं.

काळी माती
झालं? 75 सेंमी रुंद, 20 मीटर लांब असे 80 वाफे म्हणजे 1200 चौरस मीटर. 3 सेंमी थराला 36 घनमीटर कंपोस्ट लागेल, तेही दरवर्षी. कंपोस्टातलं नत्र सावकाश सुटतं. पिकाची नत्राची भूक नुसत्या त्यावर भागवायला गेलात तर स्फुरद साचत जातो, आणि तो फार झाला की मुळांना अन्न-पाणी मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी कमी होते.

शिवाय विकतच्या कंपोस्टातल्या शेणातून काय येईल सांगता येत नाही. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, शेणात उतरतात आणि 60 अंशांना तापलेल्या ढिगातही टिकू शकतात. म्हणून ढीग आला की आधी चाचणी: तीन कुंड्यांत निम्मं कंपोस्ट, निम्मी खात्रीची माती, शेजारी तीन कुंड्या नुसत्या त्याच मातीच्या. सगळ्यांत घेवडा लावा. तीन आठवड्यांत फक्त कंपोस्टाच्या कुंड्यांत शेंड्याची पानं वाटीसारखी वळली, तर तो ढीग टोमॅटोजवळ नेऊ नका.

हिशोबनीस
चाचणी मान्य. पण विनानांगरटीत ताग मोडणार कसा? कोवळा आडवा केला तर पुन्हा उठतो, उशीर केला तर खोडाचं लाकूड होतं. असलं कडक खोड मातीत गाडलं की जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि वर लावलेली कोबी पिवळी पडते.

काळी माती
गाडायचं कशाला? फुलं दिसायला लागली की बुडाशी कापा, तिथंच पसरा. वर काळी ताडपत्री तीन-चार आठवडे, कडेला वाळूच्या पिशव्या, नाहीतर वारा ती उचलतोच. मुळं जागच्या जागी कुजतात. नंतर रोपं लावा किंवा काकडीसारखं मोठं बी टोका. गाजर तिथं नको, बारीक बी त्या पाचोळ्यातून वर येत नाही. आणि ताडपत्रीने लव्हाळाही मरेल या भ्रमात राहू नका, त्याचे कंद खाली सुखरूप असतात.

टोपली
तुम्ही दोघं मातीवर भांडताय, भानगड करारात आहे. जपानमधल्या 'तेईकेई'च्या, म्हणजे शेतकरी आणि ग्राहकांच्या थेट भागीदारीच्या, 1978 च्या तत्त्वांत ग्राहकाने शेतात पिकेल ते घ्यायचं असं आहे. अमेरिकेत 1986 मध्ये सुरू झालेल्या टेंपल-विल्टन शेतात वर्षाचा खर्च सभासदांपुढे मांडतात आणि तो जमेपर्यंत प्रत्येक जण झेपेल तेवढा भार उचलतो. तिथं पैसे टोपलीचे नसतात, शेत चालवण्याचे असतात. तागही त्या खर्चातच बसतो. तुम्ही मात्र किलोवर वायदा केलात, तर 20 वाफे काय, दोनही जड जातील. अर्थात 'पिकेल ते घ्या' म्हणून सलग चार आठवडे मुळेच दिलेत, तर कुठलाही करार वाचवणार नाही.

हिशोबनीस
ठीक. पण 20 नाही, 10. तेही कडक उन्हाच्या महिन्यांत. तेव्हा पालक तसाही फुलावर जातो.

काळी माती
10 चालतील, दरवर्षी तेच 10 नकोत. टोमॅटो काढताना मुळांवर गाठी दिसल्या तर तो वाफा आधी घ्या. गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींना, तागावर नीट वाढता येत नाही.