झऱ्याची लाइन: टाकीत पाणी गुळण्या टाकत येतं, खालचा जॉइंट सुटतो

सिव्हिल_तिसरं_वर्ष: जव्हारकडच्या पाड्यासाठी कॉलेजच्या प्रकल्पातून ग्रॅव्हिटी लाइन (पंपाशिवाय, उताराने पाणी आणणारा पाइप) टाकली आहे. वस्ती 200. झऱ्यावर मे महिन्यात 20 लिटरची बादली 90 सेकंदांत भरते. लांबी 900 मीटर, उतार 70 मीटर, 32 मिमी एचडीपीई (प्लास्टिक पाइप), पीएन 6 (6 बार दाब सोसणारा). टाकीजवळचा व्हॉल्व्ह आवळला तर धार सलग होते, पण रात्रीत कॉम्प्रेशन जॉइंट सुटतो. पाइप बदलावा का?

घाटवाट: पाइप राहू द्या. पाणीही पुरेसं आहे: मिनिटाला 13 लिटर म्हणजे दिवसाला 19,000, माणशी 55 लिटरने गरज 11,000. घोळ दाबाचा आहे. एवढ्या प्रवाहाला घर्षणात जेमतेम 7-8 मीटर जातात. व्हॉल्व्ह उघडा असला की पाइप झऱ्यापेक्षा जास्त ओढतो, झऱ्यावरच्या चेंबरमधलं पाइपचं तोंड उघडं पडतं, हवा शिरते. आवळला की उरलेला 62 मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब खाली बसतो, पूर्ण बंद केला तर 70. पीएन 6 ची मर्यादा 60.

साधारण 35 मीटर उतारावर 200 लिटरची ब्रेक प्रेशर टाकी (पाणी उघड्यावर पडून दाब शून्य होतो ती) बसवा. तिच्या इनलेटला आणि खालच्या टाकीला ग्लोब व्हॉल्व्ह. गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला की थरथरून झिजतो. चेंबरच्या ओव्हरफ्लोतून करंगळीएवढी धार सुटेपर्यंत आवळायचं. आणि उंची फोनच्या जीपीएसवर घेतली असेल तर आधी ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावा.

नळदुरुस्ती: पाइप कातळावर उघडा पडलाय का? दिवसा तापतो, रात्री आकसतो. 20 अंशांच्या फरकाला 100 मीटरमागे फूटभर तरी. मग जॉइंटमधून ओढला जाणारच. 60 सेमी गाडा. जमत नसेल तिथे नागमोडी टाका, ताणून नको.

सिव्हिल_तिसरं_वर्ष: हो, निम्मा उघडाच आहे. चेंबरची भिंत वाढवून साठा वाढवला तर?

घाटवाट: मुळीच नको. झऱ्याच्या डोळ्याच्या, म्हणजे पाणी फुटतं त्या जागेच्या वर पाणी तुंबलं की झरा दुसरीकडून वाट काढतो, परत येईलच असं नाही. ओव्हरफ्लो डोळ्याच्या खालीच ठेवा. साठवण खाली, 5,000 लिटरच्या दोन टाक्या. वरच्या अंगाला चर खणा, नाहीतर पहिल्या पावसाचा गाळ थेट चेंबरमध्ये.

टीसीएल_डबा: जंतू मारायला 5,000 लिटरला ताजी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) 30 ग्रॅम. बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणीच टाकीत. चुन्याचा साका टाकला तर नळाची जाळी बुजते. अर्ध्या तासाने ओटी टेस्टला (उरलेला क्लोरीन तपासायची चाचणी) पिवळा रंग यायला हवा, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम. नाही आला तर पावडर उतरली समजा, डबा उघडा राहिला असेल.