डिसेक्शन हॉलमध्ये ‘अ‍ॅबनॉर्मल’ हा शब्द कसा थांबवायचा?

कृष्णाकाठ, सांगली
फर्स्ट इयर एमबीबीएसच्या डिसेक्शनमध्ये (देहाच्या विच्छेदनात) अ‍ॅबडोमेन (पोट) सुरू होतंय, पाठोपाठ पेल्व्हिस (कटिभाग). पुस्तकात एकच देह असतो, तोही तरुण, सडपातळ पुरुषाचा. टेबलावर जरा वेगळं निघालं की मुलं म्हणतात, “मॅडम, ही बॉडी अ‍ॅबनॉर्मल आहे.” देहदान केलेल्या माणसाबद्दल हे ऐकवत नाही, आणि ते शास्त्राला धरूनही नाही. वेगळ्या लेक्चरला तास नाहीत. रोजच्या डिसेक्शनमध्येच हे कसं बसवायचं? आणि इंटरसेक्स (जन्मतः लैंगिक रचना ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या), ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) व्यक्तींचा विषय नेमका कुठे घ्यायचा?

मिरज_पूर्व
तास नको, तक्ता हवा. हॉलच्या भिंतीवर टेबलवार तक्ता लावा, अ‍ॅबडोमेनसाठी तीनच रकाने: दोन्ही बाजूंना रीनल आर्टरी (किडनीची धमनी) किती, सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाची धमनी) कुठून निघते, अपेंडिक्स कुठे वळलंय. प्रत्येक बॅचने सगळ्या टेबलांवर फिरून स्वतः बघायचं.

रीनल आर्टरीत हमखास घोटाळा होतो. साधारण चारातल्या एका माणसाला निदान एका बाजूला जादा आर्टरी असते, पण तक्त्यावर सगळीकडे ‘एक’ येतं. मुलं हायलमपासून (किडनीत रक्तवाहिन्या शिरतात त्या खाचेपासून) चरबी ओढत सुटतात आणि किडनीच्या खालच्या टोकाला जाणारी बारीक आर्टरी चरबीबरोबरच तुटते. म्हणून उलटीकडून सुरुवात करायला लावा. आतड्याकडे जाणाऱ्या सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरीच्या उगमापासून एओर्टा (मुख्य धमनी) दुभागते तिथपर्यंत तिच्या दोन्ही कडा मोकळ्या करायच्या, दिसेल त्या फांदीखालून दोरा घालून ठेवायचा, मगच किडनीकडे जायचं. उजवीकडची खालची आर्टरी बऱ्याचदा आयव्हीसीच्या (शरीराच्या खालच्या भागातून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) पुढून जाते, तिथे जपून. सापडली की तिथल्या तिथे सांगा: ही एंड आर्टरी, ऑपरेशनमध्ये बांधली तर किडनीचा तेवढा भाग मरतो. ‘जादा’ म्हणजे फालतू नव्हे, हे मग सांगावं लागत नाही.

एका वर्षाच्या टेबलांवरून टक्केवारी मात्र काढू देऊ नका. तक्ते जपून ठेवा, दरवर्षी भर पडू द्या.

माणदेशी
पेल्व्हिससाठी डिपार्टमेंटमधली सुटी हिप बोन्स (कमरेची हाडं) काढा. लेबलं झाका, फक्त उजवी घ्या, नाहीतर एकाच माणसाची दोन येतील. ‘स्त्री-पुरुष’ असे ढीग न करता ग्रेटर सायाटिक नॉच (हाडाच्या मागच्या कडेची खाच, जिच्यावरून स्त्री-पुरुष ओळखतात) अरुंद ते रुंद अशी एकच रांग लावायला सांगा. दोन्ही टोकांना सहसा एकमत होतं, मधल्या हाडांवर बॅच भांडते. तिथेच थांबून वेळ द्या.

इंटरसेक्स एम्ब्रिऑलॉजीतच (गर्भाची वाढ शिकवतानाच) घ्या, शेवटी चिकटवू नका. सहाव्या आठवड्यापर्यंत गोनॅड (पुढे टेस्टिस किंवा ओव्हरी होणारी ग्रंथी) सगळ्यांचा सारखाच दिसतो. वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय जीन (१९९० मध्ये सापडला) कामाला लागला की टेस्टिसची (वृषणाची) वाट धरली जाते. गर्भातल्या एकाच जेनायटल ट्युबरकलपासून (उंचवट्यापासून) क्लिटोरिसही होतो आणि पेनिसही. हे फळ्यावर असतानाच २१-हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमची कमतरता आणि अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी (पुरुषी हार्मोनला शरीर प्रतिसाद देत नाही ती स्थिती) सांगा. ‘हर्मॅफ्रोडाइट’ हा शब्द माणसांसाठी नको.

ट्रान्स असणं हा विकासातला दोष नव्हे, त्या यादीत ते घालूच नका. त्याची जागा क्लिनिकलमध्ये. व्हजायनोप्लास्टीत (योनी घडवण्याच्या ऑपरेशनमध्ये) प्रोस्टेट सहसा काढत नाहीत, म्हणून ट्रान्स स्त्रीलाही प्रोस्टेटचा त्रास होऊ शकतो. सर्व्हिक्स (गर्भाशयाचं मुख) असलेल्या ट्रान्स पुरुषाला सर्व्हिक्सच्या कॅन्सरची तपासणी लागतेच.

अजिंक्यतारा, सातारा
सरफेस अ‍ॅनाटॉमी (अंगावर वरून दिसणारी, हाताला लागणारी रचना) विसरू नका. अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवलं की पामॅरिस लाँगस या स्नायूचा टेंडन (दोरीसारखा शेवट) उठतो. पुस्तकी आकड्यानुसार साधारण १५ टक्के लोकांत तो नसतो, पण हे प्रमाण लोकसमूहागणिक बदलतं. म्हणून वर्गात जात किंवा गाव विचारून गट पाडू नका, नुसते हात मोजा.

कपडे काढावे लागतील तिथे स्वयंसेवकच घ्या. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

सावळ्या त्वचेवर सायनोसिस (रक्तात ऑक्सिजन कमी पडल्याने येणारी निळसर झाक) ओठांच्या बाहेरून चुकतो, जीभ बघायला शिकवा. सूज आलेल्या जागेची लाली सहज दिसत नाही, हाताच्या पाठीने ऊब बघा.

कृष्णाकाठ, सांगली
तक्ता याच बॅचपासून लावते. पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरचे परीक्षक एकच उत्तर मागतात, त्याचं काय?

मिरज_पूर्व
उत्तराची सवय लावा: आधी बहुतेकांत काय, मग काहींत काय, मग त्याने रुग्णाला काय फरक पडतो. ‘अपेंडिक्स बहुधा सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) मागे, काहींत पेल्व्हिसमध्ये उतरतं, तेव्हा सूज आली तर मॅकबर्नीला (पोटाच्या उजव्या खालच्या बाजूच्या बिंदूला) फारसं दुखत नाही, पीआरला (गुदद्वारातून बोटाने तपासताना) दुखतं.’ यावर कोणी मार्क कापत नाही. इंटर्नल परीक्षेच्या स्पॉटरमध्ये (नमुना बघून ओळखायच्या प्रश्नांत) दोन आर्टरींना दोरे घातलेली एक किडनी ठेवाच.